पेशीच्या दारावरील वृद्धिसंकेत आणि कर्करोग : वैद्याने व औषधविक्रेत्याने काय जाणावे?

कर्करोगाच्या रुग्णाची आणि आपली गाठ बहुधा दोन वेळा पडते. पहिल्यांदा निदानापूर्वी, जेव्हा तो तोंडातील न भरणारा व्रण किंवा मानेतील गाठ घेऊन गावाजवळच्या वैद्याकडे येतो. दुसऱ्यांदा निदानानंतर, जेव्हा नागपूर, वर्धा किंवा मुंबईहून जाड फाईल आणि गोळ्यांची पिशवी घेऊन तो परततो व ‘आता याबरोबर काही आयुर्वेदिक द्या’ असे म्हणतो. त्या फाईलमध्ये अलीकडे ‘ईजीएफआर’, ‘हर-टू’ अशी अक्षरे वारंवार आढळतात. आमच्या पदवी अभ्यासक्रमात या अक्षरांना फारसे स्थान नव्हते. परंतु जी औषधे रुग्ण रोज घेतो आहे, ती शरीरात नेमके काय करतात हे न जाणता त्याला दुसरे औषध देणे कितपत योग्य, हा प्रश्न आम्हास एका प्रसंगाने विचारावा लागला. प्रस्तुत लेखाचे निमित्त तोच प्रसंग होय.

एक प्रसंग

काही वर्षांपूर्वी घाटंजी तालुक्यातील एक शेतकरी गृहस्थ आमच्या चिकित्सालयात आले. चेहरा, छाती व पाठ यांवर पूयुक्त पिटिका उठलेल्या, त्वचा कोरडी, नखांच्या कडा लाल. ‘डॉक्टरसाहेब, तोंडावर हे काय उठलं जी?’ एवढाच त्यांचा प्रश्न. गालाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया पूर्वी झालेली होती, ती जखम भरलेली दिसत होती. आम्ही पित्तप्रधान रक्तदुष्टी असे निदान करून मृदु विरेचन व रक्तप्रसादक औषधे दिली. चौथ्या दिवशी द्रवमलप्रवृत्ती इतकी वाढली की त्यांना शुष्कतेमुळे रुग्णालयात भरती करून सलाईन द्यावे लागले.

चौकशी करता समजले की रोग परत उद्भवल्याने त्यांना एर्लोटिनिब, मेथोट्रेक्सेट व सेलेकॉक्सिब अशा तीन गोळ्या सुरू होत्या. अंगावरील पिटिका ही एर्लोटिनिबची सर्वज्ञात प्रतिक्रिया होती. अतिसार हीसुद्धा त्याच औषधाची प्रतिक्रिया. म्हणजे ज्याला आधीच औषधाने सारक परिणाम होत होता, त्याला आम्ही विरेचन दिले. गोळ्यांविषयी आधी का सांगितले नाही, असे आम्ही त्यांच्या पत्नीस विचारले, तेव्हा ती माउली सरळपणे म्हणाली, ‘तुम्ही पुसलंच नाही जी.’ दोष सर्वस्वी आमचा होता. रुग्ण सुदैवाने सावरले. त्यानंतर आम्ही हा विषय मुळापासून वाचावयास घेतला.

रिसेप्टर म्हणजे काय?

मराठी पारिभाषिक कोशांत रिसेप्टरला ‘ग्राही’ असा शब्द आढळतो. मात्र आपल्या शास्त्रात ग्राही हा शब्द द्रव्यांच्या निराळ्या कर्मासाठी रूढ असल्याने गोंधळ टाळण्यासाठी येथे ‘रिसेप्टर’ हाच शब्द ठेवला आहे.

प्रत्येक पेशीभोवती एक पातळ आवरण असते. त्या आवरणातून आरपार गेलेली काही प्रथिने असतात. त्यांचे एक टोक बाहेर, एक टोक आत. बाहेरच्या टोकास रक्तातून किंवा शेजारच्या पेशीकडून आलेला वृद्धिघटक येऊन चिकटतो. तो आत शिरत नाही, दारावरची कडी वाजवितो इतकेच. कडी वाजली की शेजारी असलेले दोन रिसेप्टर एकमेकांजवळ येऊन जोडी करतात. आतल्या टोकास टायरोसिन कायनेज नावाचा एक विकर असतो. जोडी झाली की हे विकर एकमेकांवर फॉस्फेटचे कण बसवितात आणि त्या खुणांवर पेशीतील इतर प्रथिने येऊन बसतात. पुढे निरोपाच्या दोन मुख्य वाटा आहेत. एक रास, राफ, मेक व इर्क या क्रमाने केंद्रकाकडे जाते व पेशीस ‘विभाजन कर’ असे सांगते. दुसरी पीआय-थ्री कायनेज व एकेटी या मार्गाने जाऊन ‘मरू नकोस, पोषण घे’ असे सांगते.

निरोगी पेशीत हा निरोप थोडा वेळ टिकतो. काम होताच तो रिसेप्टर पेशीच्या आत ओढला जातो व बहुतांशी मोडून टाकला जातो. जखम भरणे, आतड्याचे अस्तर नवे होणे, केस व नखे वाढणे हे सर्व याच व्यवस्थेवर चालते. म्हणूनच हा रिसेप्टर औषधाने बंद केला की त्वचा, नखे व आतडे यांवर परिणाम दिसतो. आमच्या रुग्णाच्या अंगावरील पिटिकांचा आणि अतिसाराचा उलगडा येथेच होतो.

बिघाड कोठे होतो?

कर्करोगात हा बिघाड मुख्यत्वे चार प्रकारे होतो. पहिला, रिसेप्टरांची संख्याच अतोनात वाढते. स्तनाच्या काही कर्करोगांत हर-टू या रिसेप्टरच्या जनुकाच्या अनेक प्रती तयार होतात. हर-टूला स्वतःचा असा कोणताही वृद्धिघटक ज्ञात नाही, तो नेहमीच जोडी करण्यास सिद्ध असतो. त्यामुळे संख्या वाढली की कडी न वाजताही निरोप सुरू राहतो. दुसरा, रिसेप्टरच्या रचनेत दोष उद्भवून तो कायमचा चालू स्थितीत राहतो. फुप्फुसाच्या काही कर्करोगांत ईजीएफआरमध्ये असा दोष आढळतो. तिसरा, कर्कपेशी स्वतःच वृद्धिघटक तयार करून स्वतःलाच देते. चौथा, दारावर काही न घडता आतील वाट बिघडते, उदाहरणार्थ के-रास या प्रथिनातील दोष. अशा वेळी दारावरचे औषध बहुधा निरुपयोगी ठरते, म्हणूनच आतड्याच्या कर्करोगात ईजीएफआरविरोधी इंजेक्शन देण्यापूर्वी रास जनुकांची तपासणी करतात.

येथे एक खुलासा अगत्याचा आहे. स्तनकर्करोगाच्या अहवालातील ‘ईआर’ व ‘पीआर’ हे संप्रेरकांचे रिसेप्टर मुख्यतः पेशीच्या आत असतात, पेशीपटलावर नव्हेत. हर-टू मात्र पेशीपटलावर असतो. अहवालात हर-टूपुढे शून्य, एक अधिक, दोन अधिक किंवा तीन अधिक असे लिहिलेले असते. तीन अधिक म्हणजे निश्चित वाढ. दोन अधिक म्हणजे संदिग्ध, अशा वेळी ‘फिश’ नावाची पुढची तपासणी आवश्यक असते. आमच्याकडे येणाऱ्या फाईलींत दोन अधिक असूनही ती तपासणी खर्चाअभावी राहून गेलेली आढळते. रुग्णास पुन्हा तज्ज्ञाकडे पाठवून तेवढी आठवण करून देणे हेही वैद्याचे कर्तव्य होय.

शोधाची वाट

अमेरिकेत स्टॅन्ली कोहेन यांना उंदराच्या लाळग्रंथीतील एक अर्क नवजात उंदरांना दिला असता त्यांचे डोळे लवकर उघडतात व दात लवकर येतात असे दिसले. त्यातील वृद्धिघटक त्यांनी १९६२ मध्ये वेगळा केला. १९८६ मध्ये त्यांना रिटा लेव्ही-मोन्ताल्चिनी यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. १९८४ मध्ये असे आढळले की कोंबड्यांत रक्ताचा कर्करोग घडविणाऱ्या एका विषाणूचे जनुक म्हणजे ईजीएफआरचीच तुटकी, बाहेरचे टोक नसलेली प्रत आहे. दार मोडले की निरोप थांबत नाही, याचा तो स्पष्ट पुरावा ठरला.

हर-टूच्या शोधात भारतीय हातही आहे. रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत लक्ष्मीचरण पाढी यांनी १९८२ मध्ये उंदराच्या चेतापेशींच्या कर्करोगातून या प्रथिनाचा माग काढला. पाढी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कार्यरत होते. १९८७ मध्ये डेनिस स्लॅमन व सहकाऱ्यांनी दाखविले की ज्या स्तनकर्करोगांत या जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतात, ते अधिक आक्रमक असतात. १९९८ मध्ये अमेरिकेत ट्रास्टुझुमॅब या औषधास मान्यता मिळाली. जो रिसेप्टर वाईट भवितव्याची खूण होता, तोच उपचाराचे लक्ष्य बनला.

आपल्या मातीतील रोग, आपल्या मातीतील संशोधन

आपल्या जिल्ह्यात या विषयाचे महत्त्व खर्ऱ्यामुळे आहे. वणीपासून उमरखेडपर्यंत प्रत्येक पानठेल्यावर सुपारी, तंबाखू व चुना प्लास्टिकच्या कागदावर घासून दिला जातो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली, पण खर्रा घासण्याचा आवाज थांबला नाही. जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने सुपारी ही तंबाखूविनाही मानवास कर्ककारक असल्याचे २००४ मध्ये जाहीर केले. सुपारीमुळे गालाच्या आतील त्वचा ताठ होते, तोंड उघडणे कमी होते. या ताठरपणामागे टीजीएफ-बीटा हा निराळ्या जातीचा वृद्धिघटक असतो. पुढे कर्करोग झालाच तर मुख, घसा व स्वरयंत्र यांच्या बहुसंख्य कर्करोगांत ईजीएफआर प्रमाणाबाहेर वाढलेला आढळतो.

या रुग्णांसाठी मुंबईच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयाने केलेले कार्य जगाने दखल घ्यावी असे आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५३६ रुग्णांच्या अभ्यासात मस्तक-ग्रीवेच्या कर्करोगात किरणोपचार व सिस्प्लॅटिन यांच्या जोडीला ईजीएफआरविरोधी निमोटुझुमॅब दिले असता, दोन वर्षांनंतर रोग न वाढलेल्या रुग्णांचे प्रमाण सुमारे ५० टक्क्यांवरून ६० टक्क्यांच्या वर गेले. एकूण आयुर्मानातील फरक मात्र संख्याशास्त्रीयदृष्ट्या निर्विवाद ठरला नाही, हेही तेथील तज्ज्ञांनी प्रांजळपणे नमूद केले.

आमच्या रुग्णास दिलेल्या तीन गोळ्यांचा संयोग हाही याच रुग्णालयातून पुढे आला. जेव्हा नेहमीची रसायनचिकित्सा अपयशी ठरते व महागडी इंजेक्शने परवडत नाहीत, अशा मुखकर्करोगात अल्प मात्रेतील मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब व एर्लोटिनिब यांचा तो उपयोग. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १५१ रुग्णांच्या अभ्यासात याच तीन गोळ्यांना निवोलुमॅबची केवळ २० मिलिग्रॅम मात्रा दर तीन आठवड्यांनी जोडली असता, एका वर्षानंतर हयात रुग्णांचे प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. पाश्चात्य देशांत हेच इंजेक्शन एकावेळी २४० मिलिग्रॅम देतात. गरीब रुग्णाच्या खिशाचा विचार करून केलेले हे संशोधन वैद्यांना निश्चितच जवळचे वाटेल.

फुप्फुसाच्या कर्करोगाबाबतही तेच. टाटा मेमोरिअलच्या ९०७ भारतीय रुग्णांच्या पाहणीत सुमारे २३ टक्के रुग्णांत ईजीएफआरमधील दोष आढळला. हा दोष धूम्रपान न करणाऱ्यांत व स्त्रियांत तुलनेने अधिक असतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३५० रुग्णांच्या अभ्यासात जेफिटिनिबच्या जोडीला रसायनचिकित्सा दिल्याने रोग आटोक्यात राहण्याचा काळ ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला, मात्र तीव्र दुष्परिणामही दुप्पट झाले. तात्पर्य, आयुष्य वाढविण्याची किंमत शरीर मोजते, आणि ती किंमत कमी करण्याच्या कामी आपला काही उपयोग होऊ शकतो.

आपली मर्यादा व आपले कार्य

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात ग्रंथी व अर्बुद यांचे वर्णन करताना रक्तार्बुद व मांसार्बुद असाध्य मानले आहे, तसेच पुन्हा उद्भवणाऱ्या अर्बुदांचाही उल्लेख केला आहे. हे निरीक्षण थोर आहे. म्हणून रिसेप्टर हे आपल्या ग्रंथांत पूर्वीच सांगितले आहेत असे ओढूनताणून म्हणण्याची आवश्यकता नाही. त्याने ग्रंथांचे महत्त्व वाढत नाही आणि रुग्णाचे हितही साधत नाही.

हळदीबाबत आम्हास वारंवार विचारले जाते. शेजारच्या वसमत-हिंगोलीची हळद प्रसिद्ध, त्यामुळे जिज्ञासा स्वाभाविकच. कुर्क्युमिन हे द्रव्य प्रयोगशाळेत पेशींवर टाकले असता ईजीएफआरचे कार्य मंदावते हे खरे. परंतु तोंडावाटे घेतलेले कुर्क्युमिन रक्तात अत्यल्प पोहोचते. काचेच्या बशीतील पेशी आणि घाटंजीचा रुग्ण यांत अंतर आहे. १९५४ च्या औषध व जादूई उपचार अधिनियमान्वये कर्करोग बरा करण्याच्या औषधाची जाहिरात करणे हा गुन्हा आहे, याचे स्मरण दुकानाच्या पाटीवर काय लिहितो ते ठरविताना अवश्य ठेवावे.

प्रत्यक्ष व्यवहारासाठी पुढील गोष्टी आम्ही स्वतःला घालून घेतल्या आहेत.

१. प्रत्येक रुग्णास, आजार कोणताही असो, चालू असलेल्या सर्व गोळ्या पिशवीसह आणावयास सांगणे व केसपेपरवर नोंद करणे. नावाच्या शेवटी ‘निब’ असेल तर ती बहुधा रिसेप्टरच्या किंवा त्यामागील संकेतवाटेच्या विकरावर आतून काम करणारी गोळी असते. ‘मॅब’ असेल तर ते इंजेक्शन होय.

२. असे औषध सुरू असताना उठलेल्या पिटिकांना रक्तदुष्टी समजून शोधन न करणे. त्वचेस सौम्य स्निग्ध लेप, उन्हापासून बचाव व उपचार करणाऱ्या तज्ज्ञाशी दूरध्वनी, एवढेच करावे. एर्लोटिनिबमुळे पिटिका उठणाऱ्यांत औषधाचा गुण अधिक दिसतो असे अनेक अभ्यासांतून आढळले आहे. ‘गोळी बाधली, बंद करा’ असा सल्ला आपण देऊ नये. अतिसार वाढल्यास रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे.

३. अनुपान विचारणे. एर्लोटिनिब रिकाम्या पोटी, जेवणाआधी एक तास किंवा नंतर दोन तासांनी घ्यावयाची असते. पुष्कळ रुग्ण ती दुधाबरोबर किंवा जेवणानंतर घेतात. आम्लता कमी करणाऱ्या औषधांनी एर्लोटिनिब व जेफिटिनिब यांचे शोषण घटते. शंखभस्म, कपर्दिकाभस्म यांसारखी क्षारीय औषधेही अशा रुग्णास विचारपूर्वकच द्यावीत.

४. पिप्पली, मरिच व त्रिकटूयुक्त कल्पांबाबत सावध राहणे. त्रिकटू इतर औषधांचे शोषण वाढविते हे जम्मूच्या प्रयोगशाळेतील अटल व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दाखविले. पुढे त्याच आधारावर क्षयाच्या रिफाम्पिसिनची मात्रा पिपरिनच्या साह्याने कमी करण्यात आली. जो गुण क्षयात उपकारक, तोच कर्करोगाच्या गोळीची रक्तातील पातळी अनपेक्षित वाढवून अपायकारक ठरू शकतो. ग्रेपफ्रूट व त्याच कुळातील पपनस हेही टाळावे.

५. बिडी-सिगारेट बंद करविणे. धूम्रपानाने एर्लोटिनिबची रक्तातील पातळी लक्षणीय घटते. म्हणजे पदरमोड करून घेतलेली गोळी धुरात जाते.

६. यकृत व हृदय यांकडे लक्ष. या वर्गातील अनेक गोळ्या यकृतास त्रास देतात, त्यामुळे जोडीला दीर्घकाळ काष्ठौषधी देताना यकृताची तपासणी पाहावी. ट्रास्टुझुमॅब घेणाऱ्या भगिनीस दम लागणे किंवा पायांवर शोथ दिसल्यास तो केवळ कफज मानून न थांबता हृदयाची इको तपासणी करवावी.

७. औषधविक्रेत्या बंधूंस विशेष विनंती. मेथोट्रेक्सेट या प्रयोगात आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतल्यास मुखपाक, रक्तपेशींची घट व मृत्यूही संभवतो. पाकिटावर ठळक अक्षरांत वार लिहून द्यावा आणि अक्षर न वाचणाऱ्या रुग्णास तो तोंडी सांगून त्याच्याकडून पुन्हा वदवून घ्यावा. एर्लोटिनिब १०० व १५० मिलिग्रॅम अशा दोन्ही मात्रांत मिळते. एक नाही म्हणून दुसरी देऊ नये.

याखेरीज अग्नी, निद्रा, मलप्रवृत्ती, मुखाची काळजी व पथ्य ही आपली क्षेत्रे आहेतच. पुण्याजवळ वाघोली येथे भारतीय संस्कृती दर्शन ट्रस्टच्या केंद्रात दोन्ही शास्त्रांच्या समन्वयाने दीर्घकाळ कार्य चालू आहे. आपण लहान चिकित्सालयात निदान नोंदी तरी नीट ठेवू शकतो.

सर्वांत स्वस्त उपचार

एवढे सर्व सांगूनही आम्हास वाटते की रिसेप्टर बिघडण्यापूर्वीचा काळ अधिक मोलाचा आहे, आणि तो काळ आपल्या हातात आहे. पोटदुखीसाठी आलेल्या माणसाचेही तोंड बॅटरीने पाहावे. रुग्णास स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात घालावयास सांगावे. ती मावत नसतील, गालात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, तीन आठवडे न भरणारा व्रण असेल, तर गंडूष-कवल देत महिने घालवू नयेत. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयात त्यास चिठ्ठी देऊन धाडावे. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेचा लाभ कोठे मिळतो हेही त्यास सांगावे, कारण पैशाच्या भीतीनेच तो घरी बसतो.

प्रारंभी उल्लेखिलेले गृहस्थ त्यानंतर दर पंधरवड्यास आमच्याकडे येत असत. गोळ्या तज्ज्ञांच्या, पथ्य व मुखाची काळजी आमची. त्या वर्षीची कापूसवेचणी त्यांनी धुऱ्यावर खाटेत बसून पाहिली. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. दशक्रियेनंतर त्यांचा थोरला मुलगा चिकित्सालयात आला. खिशातील खर्ऱ्याची पुडी टेबलावर ठेवून म्हणाला, ‘माह्यं तोंड पाहा जी एकदा.’ त्याची तीन बोटे मावली नाहीत. दुसऱ्याच दिवशी त्यास आम्ही यवतमाळला तपासणीस पाठविले. व्रण नव्हता. तोंड अद्याप ताठ आहे, परंतु खर्रा सुटला आहे आणि दर तीन महिन्यांनी तो तोंड दाखवून जातो.

आपल्या प्रत्येक चिकित्सालयात अशी एक नोंदवही असावी, आणि पुढील अंकासाठी वैद्य बांधवांनी व भगिनींनी आपापल्या नोंदी अवश्य पाठवाव्यात, ही विनंती.